जुनी वेळ, नवी वेळ

टक्.

स्वयंपाकघरातलं घड्याळ खिळ्यावर परत अडकवताना एवढाच आवाज झाला, पण निसरीन स्टुलावर तशीच गोठून उभी राहिली. आतल्या खोलीत रीहाम झोपली होती. पाच वर्षांच्या या बाईसाहेबांना ट्रकचे भोंगे, वरच्या मजल्यावरची भांडणं, कशाकशानं जाग येत नसे. आईनं स्वतःचं काही करायला घेतलं, की मात्र त्याचा आवाज तिला भिंतीपलीकडून ऐकू जाई. निसरीननं मनात दहापर्यंत मोजलं. आत काही हललं नाही. मग ती मांजरीच्या पावलांनी खाली उतरली.

रमजानच्या आधीचा रविवार होता. दरवर्षीप्रमाणे रमजानच्या महिन्यापुरती देशभरातली घड्याळं आज एक तास मागे गेली होती. बायको होऊन सात वर्षं आणि आई होऊन पाच वर्षं झाली, तेवढ्या काळात कुणी निसरीनला फुकट दिलेली अशी ही एकच गोष्ट होती: एक अख्खा तास. नवरा अगादीरला कामावर, पोरगी झोपलेली, शबाकिया या रमजानच्या मधाळ मिठाईचं आणखी पीठ मळायचं होतं पण ते दुपारी मळलं तरी चालणार होतं. या तासात ती झोपू शकली असती. पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, की आपण झोपायलाच हवं होतं.

तिनं लॅपटॉप उघडला.

बंदरावरच्या मच्छीमार सहकारी संस्थेत ती यंत्रं सांभाळायची. यंत्रं तीन: एक मासे तोलायच्या काट्यावर, एक बर्फघरात, एक ऑफिसात. गेल्या वर्षापर्यंत ती तिन्ही आपापल्या मर्जीनं नांदत. प्रत्येकाची नावं निराळी, पासवर्ड निराळे, आणि सगळे पासवर्ड काट्याच्या लाकडी पेटीवर खडूनं लिहिलेले, म्हणजे शोधायला नको. निसरीननं हा सगळा संसार मोडला आणि नवा मांडला. कासाब्लांकाला मच्छीमार महासंघाच्या सर्व्हरवर आता एकच मोठी नोंदवही होती. आपलं कोण, परकं कोण आणि कुणाला कुठवर हात घालू द्यायचा, ते सगळं तिच्यात. कुणी यंत्रापुढे बसलं, की यंत्र आधी कासाब्लांकाला विचारायचं, हा कोण? दुरुस्तीसाठी कुणाला घटकाभर मालकाचा अधिकार हवा असला, तर ‘सुडो’ म्हणून हुकूम द्यायचा. मग यंत्र पुन्हा कासाब्लांकाला विचारायचं, याला मालक होऊ देऊ का?

"फार स्वच्छ काम," महासंघाचे साहेब म्हणाले होते. निसरीनला ते शब्द इतके आवडले, की ती आणखी स्वच्छता करत सुटली.

तिच्या फ्रीजवर कामांची यादी होती. शेवटची दोन कामं उरली होती. एक: मागची दारं बंद करणे, म्हणजे कासाब्लांकाला न विचारता आत शिरायच्या जुन्या वाटा बुजवणे. दोन: तिन्ही यंत्रांची घड्याळं एका मोठ्या घड्याळाच्या तालावर लावणे, म्हणजे ती आपोआप बरोबर राहतील. दुसरं काम आधी करायचं, पहिलं नंतर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पहिल्याला दहा मिनिटं लागणार होती, आणि दुसऱ्याला पोर पायात नसलेला एक अख्खा तास. त्यात रीहामचा कान दुखायला लागला. निसरीननं दहा मिनिटांचं काम उरकलं आणि दुसऱ्यावर चुंबक जरा घट्ट बसवलं.

आणि आज तर तासच मिळाला होता. पण आज तिनं यादीकडे पाहिलं नाही. तिनं सी बूशाइबची वही उघडली.

निळ्या पुठ्ठ्याची ही वही सव्वीस वर्षं माशांच्या हातांनी चाळलेली होती, आणि तिला वासही तसाच येत होता. निसरीनच्या आधी यंत्रांचं सगळं सी बूशाइबच पाहायचे, ‘सी’ आपला मानाचा. एकोणीस दिवसांपूर्वी ते निवृत्त झाले. महासंघाचा नियम असा, की गेलेल्या माणसाचं नाव नोंदवहीतून त्याच दिवशी काढायचं. निसरीननं ते दुपारी तीनला काढलं. केक चारला कापायचा होता, आणि पाचला रीहामला बालवाडीतून आणायचं होतं. मग नंतर राहून गेलं तर? केक झाला, भाषणं झाली, संस्थेतर्फे भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन झालं. मग सी बूशाइब सहज म्हणून ऑफिसातल्या यंत्रापुढे बसले, मेहुण्यासाठी भरती-ओहोटीचा तक्ता छापायला. नाव घातलं. यंत्रानं उत्तर दिलं: या नावाचा कोणी माणूस नाही.

सगळे हसले. सी बूशाइबही हसले. मग त्यांनी खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली, बोटावरचं क्रीम रुमालाला पुसलं, पिशवीतून ही वही काढून निसरीनच्या हातात दिली आणि घड्याळ काखोटीला मारून ते गेले. एकोणीस दिवसांत तिनं त्यांना एक फोन केला नव्हता. रोज करणार होती.

तेव्हा आज निदान त्यांच्या वहीप्रमाणे वागावं, असं तिला वाटलं. वहीत त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘रमजानच्या आधीचा रविवार. यंत्राचं घड्याळ हातानं एक तास मागे. विसरू नये. विसरलं तर फतना ओरडते.’

निसरीननं तिन्ही यंत्रांना एकदम हुकूम दिला. एक तास मागे. तिन्ही यंत्रांनी मुकाट्यानं ऐकलं. यंत्रावर दिसणारी वेळ आता मोबाईलशी तंतोतंत जुळत होती. तिनं समाधानानं लॅपटॉप मिटला, आणि त्या आवाजानं रीहाम उठली.

फोन साडेनऊला आला. फतनाचा. फतना पन्नाशीची, काट्यावर बसणारी, आणि तिच्या आवाजाला फोनची तशी गरज नव्हती.

"इंजिनियरीणबाई, तुमचं यंत्र मला आत घेत नाही. म्हणतं, वेळ जुळत नाही. तीस वर्षांत नवऱ्यानं कधी विचारलं नाही कुठे होतीस म्हणून, आणि हे कोण मोठं लागून गेलंय?"

"थांब, थांब. किती वाजलेत तिथे?"

"जुने की नवे?"

"यंत्रावर किती दिसतात ते सांग ना, फतना."

"साडेनऊ. माझ्या मोबाईलवर साडेनऊ. हाज्ज जिलालींच्या मनगटावर साडेदहा, पण ते ईदपर्यंत घड्याळाला हात लावत नाहीत. म्हणतात, महिनाभरानं परत यायचंच आहे तर जायचं कशाला."

"मग वेळ तर बरोबर आहे की."

"तेच मी त्याला सांगतेय! ऐकतं का? वर अकरा बोटी आल्यात. दोन दिवस वादळात अडकल्या होत्या, आता सगळ्या एकदम. तारलीचे डोंगर लागलेत इथे."

निसरीननं लॅपटॉप उघडून स्वतः आत जाऊन पाहिलं. म्हणजे पाहायला गेली. यंत्रानं तिलाही तेच सांगितलं. वेळ जुळत नाही. बर्फघरातलंही तेच म्हणालं. ऑफिसातलंही तेच. ती पाटावर बसली, आणि मग तिला सगळं कळलं.

यंत्राला दोन वेळा असतात. एक चेहऱ्यावरची, माणसांना दाखवायची. आणि एक पोटातली, सगळ्या जगाची मिळून एकच. सरकारनं बदलली होती ती चेहऱ्यावरची. निसरीननं फिरवली होती पोटातली. जुन्या काळी ते चालून जाई, कारण तेव्हा यंत्रं कुणाशी बोलत नसत आणि पोटातलं कुणाला कळत नसे. आता ती दर वेळी कासाब्लांकाला विचारत होती, आणि कासाब्लांकाची अट होती, की विचारणाऱ्याची वेळ पाच मिनिटांच्यावर इकडेतिकडे नसावी. असली तर समजायचं, कुणीतरी भामटा जुनी चिठ्ठी दाखवून आत घुसतोय. इथे तर साठ मिनिटांचा फरक. अख्खी सहकारी संस्था भामटी ठरली होती.

घड्याळ पुन्हा नीट करणं सोपं होतं. एक ओळीचा हुकूम. पण तो द्यायला सुडो हवा, सुडोला कासाब्लांकाची परवानगी हवी, आणि परवानगीला घड्याळ नीट हवं. मागची दारं? ती बंद होती. फारच स्वच्छ बंद केली होती तिनं. पेन ड्राइव्ह लावून यंत्र उघडायची एक वाट उरली होती, पण तिच्यावरही गेल्याच महिन्यात तिनं पासवर्डचं कुलूप घातलं होतं, आणि तो पासवर्ड अगदी सुरक्षित जागी ठेवला होता: ऑफिसातल्या यंत्रात.

"आई, तू रडतेस का?" रीहामनं विचारलं.

"नाही गं. बूट घाल."

शेजारीण रमजानच्या आधीचं न्हाणं उरकायला हम्मामला गेली होती, ती दुपारशिवाय येणार नव्हती. म्हणून रीहामही निघाली, एका हातात काल तळलेली शबाकिया आणि दुसऱ्या हातात आई.

मासळीच्या शेडमध्ये पेट्या कमरेच्या वर गेल्या होत्या. बंदरावरच्या यच्चयावत मांजरी शिस्तीत बसल्या होत्या, माणसांपेक्षा जास्त शिस्तीत. माणसं आरडाओरडा करत होती. मध्ये संस्थेचे अध्यक्ष हाज्ज जिलाली उभे होते. चाळीस वर्षं बोट चालवलेला हा माणूस जमिनीवर उभा असला तरी पाय फाकवूनच उभा राहायचा.

"ये बाई, ये. मला एवढंच सांग, मासा तोलला कधी जाणार? एक वाजता कारखान्याचे ट्रक निघतात. पुढच्या बंदरावर जातात. मग ही सगळी तारली खतात जाईल. दोन रात्री पोरांनी लाटा खाल्ल्यात हिच्यासाठी."

"एक वाजता म्हणजे जुन्या..."

"ट्रकवाल्याच्या!"

"हातानं चिठ्ठ्या लिहून नाही का भागणार, हाज्ज? आजच्या दिवस?"

"हाताची चिठ्ठी गेटवर चालत नाही. वजन वायरीतून गेलं तरच फाटक वर होतं. तूच आणलीस ना ही सुधारणा? मी टाळ्या वाजवल्या होत्या," हाज्ज म्हणाले, आणि त्यांनी आपल्या तळव्यांकडे असं पाहिलं, जणू गुन्हा त्यांनीच केला.

निसरीननं जे झालं ते सांगितलं. पोटातली वेळ, चेहऱ्यावरची वेळ, कासाब्लांका, पाच मिनिटं. लपवलं काहीच नाही. हाज्जनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खलाशाला साजेसा उपाय सुचवला.

"मग कासाब्लांकाला फोन लाव. म्हणावं, तुमचंही एक तास मागे घ्या."

"त्या सर्व्हरवर आणखी सात बंदरं आहेत, हाज्ज. तीही अडकतील."

"अडकू देत! आपण एकट्यानंच काय म्हणून?"

फतना खो खो हसली. मग निसरीनच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली आणि तिला आपल्या जागी बसवून पुढ्यात चहाचा ग्लास ठेवला. रीहाम टेबलाखाली शिरून मांजरांना शबाकियाचे तुकडे घालू लागली. मांजरांनी हुंगून माना फिरवल्या.

आणि टेबलाखाली पाहताना निसरीनला ती निळी वायर दिसली.

"फतना, वायर काढ."

"काढू? म्हणजे आहे तेही जाईल."

"जाऊ दे. वायर नसली की यंत्राला कासाब्लांका सापडत नाही. मग ते कुणालाच विचारत नाही, आपल्या आठवणीवर चालतं. जो आधी इथे बसून पासवर्ड घालून गेलाय, त्याला ओळखीवर आत घेतं."

फतनानं वायर उपटली. नाव घातलं, पासवर्ड घातला. यंत्रानं तिला विनातक्रार आत घेतलं. शेडमध्ये असा जल्लोष झाला, की दोन मांजरी पेटीत पडल्या. फतना आत होती. पण चिठ्ठी गेटवर पाठवायला वायर हवी, आणि वायर जोडली की यंत्र पुन्हा कासाब्लांकाला विचारणार, आणि कासाब्लांका पुन्हा तेच म्हणणार. आधी घड्याळ सुधारायला हवं होतं. आणि फतनाला सुडो नव्हता.

"तुला आहे ना? मग तू बस," हाज्ज म्हणाले.

निसरीन बसली. नाव घातलं. यंत्रानं तिला ओळखलं नाही. कसं ओळखणार? या खुर्चीत बसून तिनं कधी पासवर्ड घातलाच नव्हता. तिची सगळी कामं लांबून, चोरलेल्या तासांत, स्वयंपाकघरातल्या पाटावरून. आपली वेगळी किल्ली लावून ती मागूनच यायची. ज्या यंत्राचं सगळं आयुष्य तिनं बदलून टाकलं, त्याच्यासमोर ती कधी आलीच नव्हती.

"मग सुडो असलेलं दुसरं कोण बसलंय इथे?" तिनं विचारलं खरं, पण उत्तर तिला ठाऊक होतं.

फतनालाही होतं. ती एप्रनला हात पुसत म्हणाली, "तूच फोनवरून बसवलं होतंस की बूशाइबकाकांना. नवी पद्धत आधी माझ्यावर करून बघ, म्हणाले होते. हे इथे बसून अर्धा तास तुझा तो लांबलचक पासवर्ड घोटत होते. मी म्हटलं, बूशाइबकाका, परीक्षा आहे का? तर म्हणाले, पोरीनं मेहनतीनं केलंय, नीट शिकायला हवं."

"पण त्यांचं नाव तर..." निसरीन बोलली आणि थांबली. नाव कासाब्लांकाच्या नोंदवहीतून गेलं होतं. या यंत्राला ते अजून कळलेलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

हाज्जनी तिच्यापुढे मोबाईल धरला. "लाव. मी लावला तर ते म्हणतील, काम पडलं म्हणून अध्यक्ष बोलतो. तू लावलास तर निदान खरं तरी बोलशील."

फोन तीनदा वाजला.

"सी बूशाइब... मी निसरीन."

"बोल पोरी." मागे टक टक असा हातोडीचा आवाज येत होता. "जरा थांब. खिळा मारतोय. तुम्ही दिलेलं घड्याळ लावायला आजचा मुहूर्त काढला. म्हटलं एकदाच योग्य वेळेला लागू दे."

"सी बूशाइब, माझी चूक झाली."

हातोडी थांबली. "कुठली?" ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "आजची का?"

निसरीननं उपटलेली वायर बोटाला गुंडाळली.

"येतो," ते म्हणाले.

ते आले तेव्हा बारा वाजून गेले होते, नवे. त्यांची फटफटी शेडच्या दाराशी येऊन बंद पडली, बंद केली नाही. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात घरातली जलाबा, खिशातून डोकावणारी हातोडी. खलाशांनी आपोआप वाट दिली. कुणी म्हातारबाची पाठ थोपटली, कुणी म्हणालं, "बघा काका, तुम्ही गेलात आणि वेळही बिघडली."

सी बूशाइबनी आधी काटा पाहिला, मग यंत्र, मग टेबलावरची आपली निळी वही. उघडलेलं पान वाचायला त्यांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे वाचून केलंस?"

"हो."

"अगं, हे मी बारा वर्षांपूर्वी लिहिलंय. तेव्हा एकच यंत्र होतं आणि ते कुणाशी बोलायचं नाही. तुझं नवं आलं तेव्हा हे पान फाडायला हवं होतं मी." ते टोपी काढून डोकं खाजवू लागले. "राहून गेलं. केक आला मध्ये."

"नाही, सी बूशाइब. केकच्या आधी तर मी..."

"मासे," हाज्ज जिलाली म्हणाले. "वाईट दोघांनीही नंतर वाटून घ्या. मासे!"

सी बूशाइब खुर्चीत बसले. पडद्यावर, फतनाच्या नावाखाली, त्यांचं नाव होतं. इतक्या दिवसांत तिथे खाली सरकून पाहायची कुणाला गरज पडली नव्हती. बालवाडीत नुकतीच अरबी अक्षरं शिकायला लागलेली रीहाम टेबलाखालून वर आली आणि तिनं पडद्याला नाक लावून वाचलं, "बा! आई, बा आहे. या आजोबांचं नाव बा वरून आहे?"

"बा वरूनच आहे. हुशार आहेस," सी बूशाइब म्हणाले. मग त्यांनी मागे पाहिलं. "वळा सगळे. तोंडं तिकडे करा."

"आम्हाला काय दिसतंय? पडद्यावर ठिपके तर येतात."

"मी टाईप करताना पुटपुटतो. आणि पासवर्डमध्ये शिवी आहे."

"कुणाला?" फतनानं डोळे मोठे केले.

"बारा अक्षरं, एक आकडा आणि एक खूण हा नियम ज्यानं काढला त्याला."

नियम निसरीननं काढला होता. ती सगळ्यात आधी वळली. मागून एकेका बोटाचा टक टक आवाज येत राहिला, आणि दाढीत काहीतरी पुटपुटणं. मग सी बूशाइब हळूच म्हणाले, "अरे. घेतलं आत."

ते यंत्र त्यांना ओळखत होतं. ऑफिसातल्यानं त्यांना सगळ्यांसमोर माणसातून उठवलं होतं, कासाब्लांकाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं, आणि हा माशाच्या पाण्यानं किडलेला डबा कुणालाही न विचारता त्यांना आत घेऊन बसला होता. निसरीननं मान वळवून पाहिलं. ते काही करत नव्हते. नुसते बसले होते.

"सांग पोरी, काय लिहू?"

तिनं हुकूम सांगितला. त्यांनी सुडो लिहून पुढे एका बोटानं तो लिहिला. यंत्रानं पुन्हा पासवर्ड मागितला, तेव्हा त्यांनी शिवी पुन्हा एकदा दिली, या वेळी जरा प्रेमानं. घड्याळ एक तास पुढे गेलं.

"आता चुकीची दिसतेय!" फतना ओरडली. "बारा वाजलेत आणि हे एक दाखवतंय!"

"चेहऱ्यावर चूक आहे, पोटात बरोबर आहे," निसरीन म्हणाली. "चेहरा मी उद्या नीट करीन."

"आणि तोवर गेटवर काय सांगू?"

"सांग, चिठ्ठीवरची वेळ जुनी आहे," हाज्ज म्हणाले. त्यांनी आपल्या मनगटावरचं न बदललेलं घड्याळ यंत्राशेजारी धरलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. "बघा, सगळ्या बंदरात माझंच बरोबर."

आता उरली वायर.

सी बूशाइब यंत्रातून बाहेर पडले, उठून खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. फतना आपल्या जागी बसायला आली. निळी वायर निसरीनच्या हातात होती, आणि ती लावत नव्हती.

"लाव की," फतना म्हणाली.

वायर लागली, की यंत्राला कासाब्लांका सापडणार. मग ते आपल्याकडची नावं नोंदवहीशी ताडून पाहणार. सी बूशाइबना ते ठाऊक होतं. तिनंच शिकवलं होतं त्यांना, फोनवरून, याच खुर्चीत बसवून.

"सी बूशाइब, मी तुमचं नाव परत घालते. आत्ता. पाहुणा म्हणून घालते, सुडो नको फार तर..."

"नको." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "गेलेल्या माणसाकडे किल्ली ठेवू नये. नियम बरोबर आहे तुझा. मीही तेच केलं असतं." त्यांनी हातोडी खिशात नीट खोचली आणि पेट्यांकडे बघत म्हणाले, "केक संपेपर्यंत थांबलो असतो, एवढंच."

निसरीननं मान हलवली. बोलायला एकोणीस दिवस मिळाले होते. आता एक वाजायला पंधरा मिनिटं होती.

"मी लावू? मी लावू?" रीहामनं तिच्या हातातून वायर घेतली आणि पहिल्याच दणक्यात बरोबर भोकात बसवली. टक्.

यंत्र जरासं थबकलं. मग फतनाला आत घेतलं, काटा हलला, पहिली चिठ्ठी कुरकुरत बाहेर आली आणि गेटवरून कुणीतरी शिट्टी मारली. शेडमध्ये एकच गलका झाला. पेट्या सरकू लागल्या, मांजरांची शिस्त मोडली, हाज्ज जिलाली आपल्या घड्याळात बघून सगळ्यांवर ओरडू लागले. बाहेर फटफटीला तीनदा लाथ मारल्याचा आवाज आला. चौथ्या लाथेला ती लागली आणि मच्छीबाजाराच्या उतारावरून खाली लांब जात राहिली. आज रात्री नक्की फोन करायचा, निसरीननं ठरवलं. असं तिनं रोज ठरवलं होतं.

रीहाम पडद्याला नाक लावून उभी होती. तिनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पुन्हा वरून खाली आणलं. मग आईचा हात ओढला.

"आई, बा गेलं."

"हो."

"मी वायर लावली म्हणून गेलं?"

"नाही गं. तू नाही."

रीहामनं विचार केला. उरलेल्या शबाकियाचा मध बोटावरून चाटला.

"मग आजोबा आता कुठल्या मशीनमध्ये आहेत?"